उजव्या कमरेचं पिस्तूल

काळ्या धातूवर, बाहेरच्या अंगाला, नखाएवढा एक पांढुरका डाग होता आणि तो डाग मार्लिसच्या ओळखीचा होता. काचेखाली हिरव्या कापडावर तशीच आणखी चार-पाच पिस्तुलं मांडलेली होती, सगळी वापरलेली, सगळ्यांवर काउंटीची तीच अक्षरं कोरलेली, एका आईची लेकरं ओळीत बसवावीत तशी... पण हा डाग एकाच्याच अंगावर होता. गाडीत बसलं की सीटच्या पट्ट्याचं बक्कल नेमकं तिथे घासायचं, बसताना एकदा आणि उतरताना एकदा, वर्षानुवर्षं. ती आली होती उंदरांचं औषध घ्यायला. थंडी पडली की शेतातले उंदीर घरात शिरतात, हे दर वर्षीचं. औषधाचा खोका तिच्या हातात होता, आणि पैसे द्यायला ती दुकानाच्या मागच्या बाजूला आली होती, कारण रोली तिथे होता. नाहीतर बंदुकांच्या त्या काउंटरकडे ती सहसा फिरकत नसे.

“ओळखलंस,” रोली म्हणाला. त्याने विचारलं नाही, नुसतं म्हटलं.

रोली हॉफ तिच्या वर्गातला. खिळे, रंग, बर्फाची फावडी, मासेमारीचे गळ आणि मागे बंदुका, असं ते दुकान त्याच्या बापाचं, आता त्याचं. शिकारीचे दिवस असल्यामुळे नारिंगी जाकिटं दारापासून टांगलेली होती आणि सकाळपासून माणसांची ये-जा चालू होती.

“नवीन शेरीफने सगळी बदलून घेतली,” तो हलक्या आवाजात सांगू लागला, “जुनी देऊन नवी. ती गेली मोठ्या व्यापाऱ्याकडे. मी म्हटलं, आपल्याच गावची आहेत तर थोडी इकडे पाठव. हे त्यात असेल असं मला वाटलं नव्हतं, मार्लिस. खरंच. खोका उघडला आणि... एक पोरगा सकाळी बघून गेलाय. तेलविहिरींवर काम करतो. स्वस्त मिळतं म्हणून हवंय त्याला. संध्याकाळी येतो म्हणालाय.”

“मग दे की त्याला.”

“देतो. तू म्हणालीस तर देतो.” रोलीने काच पुसली, जी स्वच्छच होती. “तोवर ते इथे आहे.”

औषधाचे पैसे देऊन ती बाहेर आली. वारा असा होता की गाडीचं दार दोन्ही हातांनी धरावं लागलं. आत बसून तिने किल्ली लावली नाही. सवत, सवत... लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मनातल्या मनात तिने त्याचं हे नाव ठेवलं होतं, आणि नाव ठेवण्यात चूक काय होती? नवरा, लाइल, शेरीफच्या हाताखालचा पोलीस; त्याच्या उजव्या कमरेला ते असायचं, म्हणून उजवी बाजू त्याची होती. रस्त्याने चालताना मार्लिस नेहमी डावीकडून. चर्चमध्ये बाकावर डावीकडे. जत्रेत, अंत्ययात्रेत, स्वतःच्या पोरीच्या लग्नात — डावीकडे. उजवा हात मोकळा हवा, लाइल म्हणायचा, अगदी साध्या आवाजात, जसं कुणी म्हणावं की मला मीठ कमी लागतं. मोकळ्या हाताला काही धरायचं नसतं, बायकोचा हातसुद्धा नाही. आधीची ती पिस्तुलं बदलली, हे आलं, तरी नियम तोच राहिला. सवती बदलल्या, जागा तीच.

आणि घरी आल्यावरही आधी ते. दारातून आत येऊन तो थेट स्वयंपाकघरात जायचा, पट्टा सोडायचा, पिस्तूल रिकामं करायचा, आत डोकावून बघायचा, मग फ्रिजच्या वर मागच्या बाजूला ठेवायचा — तिथे हात पोचेल असं उंच त्याच्याशिवाय घरात कुणीच नव्हतं — आणि त्यानंतर मग जवळ घ्यायचा. त्याच्या आधी त्याच्या अंगाला हात लावायचा नाही. लहानपणी जनेल दारात उभी राहून घाईने विचारायची, “बाबा, ठेवलंस? ठेवलंस?” आणि धातूचा पत्र्यावर टेकल्याचा तो आवाज आला की पळत सुटायची. मला तो आवाज आवडायचा नाही असं मी सगळ्यांना सांगत आले. पण तो आला नाही तर झोप यायची नाही, हे कुणाला सांगितलं? रात्रपाळीला तो आवाज पहाटे यायचा. मी अंथरुणात डोळे मिटून पडलेली असायची आणि आवाज आला की मग खरी झोप लागायची.

आता फ्रिजवर काही नाही. एक वेताची टोपली आहे, जनेलने आणलेली.

उन्हाळ्यात तो निवृत्त व्हायचा होता. निवृत्त होणाऱ्याचं पिस्तूल त्यालाच द्यायचं, लाकडी चौकटीत बसवून, वर पितळी पट्टी ठोकून, केक कापून — तशी ती रीतच होती, लाइलच्या आधीच्या सगळ्यांना ते मिळालं होतं. पण लाइल मार्चमध्येच गेला. रात्रभर बर्फ पडला होता, तो सकाळी गाडी काढायला रस्ता साफ करत होता आणि फावड्यावर टेकून उभा आहे असं तिला खिडकीतून वाटलं... तो उभा नव्हता. चौथ्या दिवशी शेरीफच्या ऑफिसातून एक मुलगा आला, अतिशय नम्र, टोपी काढून, आणि गणवेश, बिल्ला, पट्टा, पिस्तूल, सगळं मोजून घेऊन गेला. माणूस निवृत्त झाला तर भेट, माणूस मेला तर सरकारजमा. नवीन शेरीफने नियम पाळला. मनात आणलं असतं तर वाकवूही शकला असता. बिल्ला नंतर चौकटीत बसवून पाठवला. पण बिल्ल्यावर डाग नव्हता, घासलेलं काही नव्हतं, तो लाइलचा वाटतच नव्हता. कपडे लूथरन चर्चच्या बायकांनी वाटून टाकले. शिकारीच्या रायफली लाइलचा भाऊ घेऊन गेला, कारण जनेलने तसं सांगितलं होतं आणि तेव्हा मार्लिसला कशाचंच काही वाटत नव्हतं. आता तिच्या लक्षात आलं की त्याच्या हाताने झिजलेलं असं घरात काहीच उरलेलं नाही. जे झिजलंय ते तिथे आत आहे, काचेखाली, आणि संध्याकाळी कुणी तेलवाला पोरगा ते कमरेला लावून जाईल.

तिने गाडी सुरू केली आणि घरी जायचं सोडून कॅफेकडे वळवली.

बुधवार असल्यामुळे नेफ्ला होतं, बटाट्याचं, पिठाच्या गोळ्या टाकलेलं, लाइलला तीन वाट्या लागायच्या ते. भिंतीकडचं टेबल रिकामं होतं. तिथे ते दोघं बसायचे: लाइल भिंतीला पाठ लावून, तोंड दाराकडे, ती त्याच्यासमोर, दाराकडे पाठ करून. दार उघडलं की तिच्या मानेवर गार वारा यायचा आणि त्याची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे जायची, आलेला माणूस बघून परत यायची. बोलता बोलता, घास तोंडात असताना, ती काही महत्त्वाचं सांगत असताना. जनेलला दिवस गेलेत हे तिने इथेच सांगितलं होतं आणि नेमकं तेव्हाच दार उघडलं होतं. किती वर्षं मी माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांत दुसऱ्यांची ये-जा बघत बसले!

आज ती त्याच्या खुर्चीत बसली. मुद्दाम नव्हे, किंवा मुद्दामच. दार दिसत होतं, त्याच्यावरची घंटा, बाहेर उभा असलेला ट्रक. दोन शेतकरी आले, तिच्याकडे बघून मान हलवून गेले. मग तिने समोर बघितलं. समोर तिची नेहमीची खुर्ची होती आणि बाजूच्या खिडकीतला सगळा उजेड त्या खुर्चीवर पडलेला होता. इथून तिथे बसलेल्याचं तोंड अगदी लख्ख दिसत असणार... केसांतली पिन, डोळ्यांखालची सूज, सगळं. हे तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. तिने चमचा ठेवला, मग उचलला. सूप निवत चाललं होतं.

फोन वाजला. जनेल. ती फार्गोला लहान मुलांच्या तातडीच्या विभागात नर्स आहे आणि दुपारच्या सुट्टीत फोन करते.

“आई, कुठे आहेस? भांडी वाजतायत.”

“कॅफेत.”

“एकटीच?”

“नाही, गव्हर्नर बसलेत समोर. त्यांना सूप आवडलं नाही.”

जनेल हसली. “शुक्रवारी रात्रीपर्यंत पोचतो आम्ही. एडीने आत्तापासूनच बॅग भरून ठेवलीय. उघडून बघितलं तर नुसते मोजे. म्हणते, आजीकडे बाकी सगळं असतं.”

“असतंच मुळी.” मार्लिसने खिडकीकडे बघितलं. आता बोलून टाकावं की राहू द्यावं... “जनेल, बाबाचं पिस्तूल रोलीकडे आलंय. विकायला.”



“बाबाचं कसं? ते काउंटीचं होतं.”

“घेतलं तर पेटीत ठेवीन. कुलूप लावून.”

“आई, किल्ली कुठे असते हे पोरांना आपल्या आधी कळतं. एडी चार वर्षांची आहे आणि फ्रिजवर चढते. मी इथे काय काय बघते ते तू मला विचारू नकोस आणि मी तुला सांगणार नाही.”

“म्हणजे घेऊ नको म्हणतेस.”

“मी कशाला म्हणू? घर तुझं आहे. पण ते घरात असेल तर एडी तिथे झोपणार नाही. आम्ही येऊ, जेवू, रात्री मोटेलात जाऊ.” जनेल थांबली. “आणि मग हळूहळू येणंच कमी होईल. तुला धमकी देत नाहीये गं. मला माहितीय ना मी कशी आहे ते. म्हणून आधीच सांगते.”

“कळलं.”

“तुला ते कशाला हवंय पण? तुला तर डोळ्यांसमोर नको असायचं.”

मार्लिस उत्तर देणार तेवढ्यात जनेलला कुणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला.

कशाला हवंय... लेकीने बरोबर जागी बोट ठेवलं होतं. जनेलला एकदाच बापाचा मार बसला होता, सात-आठ वर्षांची असताना, स्टुलावर चढून तिने फ्रिजवर हात नेला तेव्हा. लाइलने तिला खाली उतरवलं, थोबाडीत मारली आणि मग स्वतःच गॅरेजमध्ये जाऊन बसला, जेवायलाही आला नाही. गालावर उमटलेली ती बोटं जनेल विसरलेली नाही. आणि विसरली नाही म्हणूनच ती आज एवढं ठाम बोलते. बापाने जे शिकवलं तेच ती आईला परत सांगते आहे. मग मी कुणाच्या बाजूने आहे? लाइल असता तर तोही म्हणाला असता, पोर घरात असताना कशाला? म्हणाला असता आणि तरी फ्रिजवर ठेवलंच असतं.

तिला एडीचे मोजे दिसले, बॅगभर. शुक्रवारी ती छोटी पलंगावर आडवी-तिडवी झोपेल, पाय मार्लिसच्या पोटावर टाकून, आणि सकाळी उठून घरभर नाचेल. मार्चपासून त्या घरात जे काही हसणं-खिदळणं झालं ते तिचंच. ते घालवून एक लोखंडाचा तुकडा आणायचा, सवतीला हाताला धरून घरी आणायचं, हे शहाण्या बाईचं काम नव्हे. तिचं ठरलं. रोलीला जाऊन सांगायचं, दे त्या पोराला. फोन करूनही सांगता आलं असतं. पण ती स्वतः गेली, कारण एकदा हातात घेऊन बघायचं होतं. आयुष्यात तिने त्याला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

दुकानात दुपारचं कुणी नव्हतं. रोलीने काचेचं कपाट उघडलं, पिस्तूल बाहेर काढलं, गोळ्यांचा कप्पा काढून ठेवला, वरचा भाग मागे ओढला आणि आत बघितलं. मग तिच्यासमोर धरलं. “तू पण बघ.”

“मला काय कळतंय त्यात?”

“दोघांनी बघायचं असतं. मी म्हणतो म्हणून नाही, तसाच नियम आहे.”

तिने डोकावलं. आत अंधार होता. “रिकामं,” ती म्हणाली, आणि लाइल रोज रात्री फ्रिजसमोर हे एकट्याने करायचा हे तिला आठवलं. दुसरं माणूस तर शेजारच्याच खोलीत असायचं.

रोलीने ते तिच्या तळहातावर ठेवलं.

हलकं होतं. एवढं हलकं असेल असं तिला वाटलं नव्हतं. खालचा सगळा भाग तर प्लास्टिकसारखाच लागत होता. हिच्यासाठी मी एवढी वर्षं... मुठीच्या मागच्या बाजूचे खरखरीत दाणे एका जागी गुळगुळीत झाले होते, अंगठ्याच्या बेचक्यात बसणारी जागा. तिने आपला अंगठा तिथे ठेवला. तिचा हात लहान, जागा उरली. तिला एकदम रडू आलं आणि ते तिने आवरलं नाही, कारण रोलीने तिला पहिलीत असल्यापासून रडताना बघितलं होतं.

रोलीने पाठ वळवून दोऱ्याच्या रिळांचा खोका सारखा केला. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून तो नेहमीचं बोलू लागला. “पोलिसांची पिस्तुलं लोक का घेतात सांगू? बाहेरून घासलेली असतात, आतून नवीकोरी. कमरेला असतात जन्मभर, झाडतात कधी? वर्षातून दोनदा, नेमबाजीच्या परीक्षेला. बाळगली फार, झाडली थोडी, असं आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो. लाइलचं तेवढं तसं नाही. हे आतूनही झिजलंय. त्या पोराला मी ते सांगितलंय, खोटं कशाला बोला. गेल्या हिवाळ्यात त्याने जेवढ्या गोळ्या झाडल्या तेवढ्या सगळ्या नोकरीत नसतील झाडल्या.”

“गेल्या हिवाळ्यात?”

“खडीच्या खाणीत. ड्यूटी संपली की. नेम धरायला मीच डबे मांडायचो ना.” तिच्या चेहऱ्याकडे बघून रोली थांबला. “मार्लिस... तुला माहीत होतं ना?”

तो उशिरा यायचा, गेल्या हिवाळ्यात. कागदपत्रं आहेत म्हणायचा, निवृत्तीच्या आधीची कागदपत्रं. ती ओव्हनमध्ये जेवण गरम ठेवायची.

“काय माहीत होतं?”

रोलीने कपाळावरून हात फिरवला. “मला वाटलं घरी बोलला असेल. बायकोला नाही तर कुणाला सांगणार, असं मी समजून चाललो. त्याचा हात थरथर कापायला लागला होता. उजवा. आधी बोटं, मग मनगट. वसंतातली परीक्षा नापास झाला असता तर शेवटचे महिने टेबलावर बसवलं असतं, नाहीतर आधीच घरी पाठवलं असतं. त्याला ते नको होतं. म्हणून यायचा. थंडीत, बोटं गोठायची, तरी. शंभरदा चुकायचा, पुन्हा भरायचा. मी म्हणायचो, लाइल, डॉक्टरकडे जा. म्हणायचा, ऑगस्टनंतर जातो.”

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. लाइलने ती शेवटपर्यंत झाकली आणि आत होती थरथर. मार्लिसच्या मनात पहिल्यांदा हेच आलं, की तो घाबरलेला होता. दाराकडे तोंड करून बसणारा, सगळ्या गावाला ज्याच्यामुळे झोप लागायची तो माणूस गेल्या हिवाळ्यात रोज घाबरून घरी यायचा आणि माझ्या हातची गरम ताटली खायचा, डाव्या हाताने... हो, डाव्या हाताने. मला वाटायचं, उजव्या हाताने तो मासिक धरतोय.

आणि मग दुसरं आलं, हळूहळू, बर्फाच्या पाण्यासारखं आत झिरपत. गळ्याचं बटण.

हिवाळ्यात गणवेशाला टाय असतो, त्यामुळे गळ्याचं बटण लावावं लागतं. एवढ्या वर्षांत ते त्याने स्वतःच लावलं होतं, आरशासमोर, हनुवटी वर करून. पण गेल्या नोव्हेंबरात एका सकाळी तो स्वयंपाकघरात आला, तिच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, “जरा हे लावतेस?” पट्टा अजून बांधलेला नव्हता. तिने हात पुसले, लावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोजच. हनुवटी वर, डोळे मिटलेले, आणि तिची बोटं त्याच्या गळ्याशी; साबणाचा वास, दाढीचा गार गाल. मनगटाची बटणंही मग तीच लावू लागली. एकदा तिने बटण लावून झाल्यावर हात काढलाच नाही आणि त्यानेही मान हलवली नाही. त्यांच्यात कधी असं नव्हतं. ते गोडीगुलाबीचे लोक नव्हते, त्या मुलखात कुणीच नसतं. तिला वाटलं, निवृत्ती जवळ आली, माणूस मऊ होतोय, उशिरा का होईना घरी येतोय. मार्चनंतर ती ज्याच्यावर तगून राहिली होती ते एवढंच होतं. रात्री झोप आली नाही की ती ते बटण लावायची. अंधारात, बोटं हवेत धरून. हे कुणाला सांगितलेलं नाही, सांगण्यासारखं नव्हतंच.

म्हणजे ते प्रेम नव्हतं. बोटं कापत होती म्हणून बायको. बस.

तिने पिस्तूल काचेवर ठेवलं. हात पुसला, स्वेटरला. तिला वाटलं होतं की ही वस्तू तिला लाइलचं काहीतरी परत देईल, आणि हिने होतं तेही काढून घेतलं. सवत ती सवतच.

“मार्लिस, खुर्ची देऊ?” रोली म्हणाला. “मी बोलायला नको होतं. तोंड आहे की भोक पडलेलं पोतं, बायको उगाच नाही म्हणत.”

“तू बरं केलंस.” तिचा आवाज तिलाच परका लागला. “फॉर्म दे.”

“कसला?”

“घ्यायचं असेल तर भरावा लागतो ना? तो.”

“अगं, तू तर नको म्हणायला आली होतीस असं मला...”

“दे रोली.”

त्याने फॉर्म काढून दिला, पेन दिलं. ती का मागते आहे हे तिला कळत नव्हतं. घेऊन फोडून टाकायचं होतं? तळ्यात टाकायचं होतं? की जिला त्याची थरथर माहीत होती अशी ही एकच वस्तू परक्याच्या कमरेला जाऊ द्यायची नव्हती? तिने नाव लिहिलं, पत्ता लिहिला. नंतर प्रश्न होते, हो किंवा नाही असे. पहिलाच विचारत होता की हे शस्त्र तुम्ही स्वतःसाठी घेत आहात का, दुसऱ्या कुणासाठी घेत असाल तर मिळणार नाही. पेन तिथे थांबलं.

स्वतःसाठी... तिने काय म्हणायचं? मी स्वतःसाठी घेत नाही, एका मेलेल्या माणसासाठी घेते, त्याच्या चौकटीत बसवायला. किंवा एडीखातर घेतच नाही. किंवा... बाहेर वाऱ्याने पाटी कुरकुरत होती. रोलीने घड्याळाकडे बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

आणि तेव्हा तिला तो गणवेशाचा मुलगा आठवला, टोपी काढून उभा असलेला, आणि कपाटातून एकेक वस्तू काढून त्याच्या हातात देणारी ती स्वतः. शर्ट देता देता खाली दोन कोरे शर्ट सापडले होते, पिशवीतच, टाचण्याही न काढलेले. मुलगा म्हणाला होता, हे चेनचे आहेत, आम्ही सगळे हेच घालतो. बटणं नुसती दिसायला, आत गळ्यापर्यंत चेन. लाइलने घातलेच नाहीत का? तिने म्हटलं होतं, त्याला नव्या वस्तूंचा कंटाळा, आणि पिशवी देऊन टाकली होती. पिशवीवर ऑक्टोबरचा शिक्का होता. ऑक्टोबरात मिळालेले.

चेन तर कापऱ्या हाताला सोपी. एका ओढीत गळ्यापर्यंत. माझी गरजच नव्हती. आणि तरी तो जुना शर्ट घालून, पट्टा न बांधता, हनुवटी वर करून...

की तो विसरला होता? की पिशवी उघडायलाच बोटं चालली नाहीत? की चेनचे शर्ट त्याला खोटे वाटायचे, लाइलला खोटी बटणं आवडली नसती, तसा तो होताच. की त्याला दोन्ही हवं होतं — की कुणालातरी कळावं आणि कुणालाही कळू नये — आणि तो रोज सकाळी माझ्यासमोर येऊन उभा राहत होता, डोळे मिटून, वाट बघत, की मी विचारेन? मी विचारलं नाही. मला वाटलं प्रेम आहे. प्रेमाला कशाला विचारायचं काही?

आता जे आलं ते दुःख नव्हतं. मार्चपासून तिने त्याच्याशी एक शब्द बोलून बघितला नव्हता. दुसऱ्या बायका थडग्यापाशी बोलतात, तिला जमलं नव्हतं. गेलेल्या माणसाशी काय बोलणार, सगळं निपटलेलं असतं. आणि आता तिला भांडायचं होतं. त्याला समोर बसवून, दाराकडे पाठ करून बसवून, भांडायचं होतं. अरे, माझ्याने डबे मांडवले नसते का? मी थंडीत उभी राहिले नसते का तुझ्या उजव्या बाजूला? रोलीला कळतं आणि मला कळत नाही, हे काय वागणं झालं? सांग. बटण का घेऊन आलास ते सांग.  कितीतरी महिन्यांनी तिला तो नुसता गेलेला वाटत नव्हता. अपराधी वाटत होता, हट्टी वाटत होता, उत्तर न देता कुठेतरी मान खाली घालून उभा असलेला वाटत होता.

बाहेर ट्रक थांबल्याचा आवाज आला. दार उघडलं, गार वारा थेट काउंटरपर्यंत आला. तिने मागे वळून बघितलं नाही.

“मार्लिस,” रोली हळूच म्हणाला, “तो पोरगा लवकरच आला. काय करू? घेतेस का?”

“थांब रे जरा,” ती कागदावरून मान वर न करता म्हणाली, “मी लाइलशी बोलतेय.”